हिरवं ते गायब

मुकुंदरावांच्या घरात एक नियम होता, आणि त्याबद्दल प्रश्न विचारायचा नाही हा दुसरा नियम होता. पहिला नियम असा: करडी शाल डोक्यावरून ओढली की माणूस दिसत नाही.

नियम नाटुकल्यातला होता. बंगळूरच्या चिकपेटेत खाली पितळी भांड्यांचं दुकान आणि वर राहतं घर असलेलं हे कुटुंब दर वर्षी गौरी जेवणाच्या दिवशी गौरीसमोर एकच नाटुकलं करत आलं होतं. गौर अदृश्य होऊन माहेरी येते, घरभर हिंडते, कोण कसं वागतं ते बघते. चाहूल लागते फक्त नव्या सुनेला, आणि ती एक पान जास्त मांडते. संपलं. गौर म्हणजे शाल पांघरलेली घरातलीच कोणीतरी. बाकीच्यांनी तिच्याकडे बघायचं नाही आणि तिला धडकायचंही नाही.

लहानपणी शलाकाने विचारलं होतं, "गौर दिसत नाही, तर शाल कशी दिसते?"

"तुला दिसते. नाटकातल्यांना दिसत नाही," तिचे थोरले काका मुकुंदराव म्हणाले.

"मग मी त्यांना सांगू?"

यावर तिला स्वयंपाकघरात पाठवण्यात आलं. (या घरातल्या अवघड प्रश्नांची उत्तरं बहुधा स्वयंपाकघरात ठेवलेली असावीत. मुलींना नेहमी तिकडेच पाठवत.)

पुढे शलाका व्हिज्युअल कम्युनिकेशन शिकली, इलेक्ट्रॉनिक सिटीत जाहिरातींच्या स्टुडिओत लागली, पण नाटुकल्यातली सून मात्र दर वर्षी तीच असायची. या वर्षी भावाचं, प्रदीपकुमारचं, लग्न झालं आणि घरात रूपश्री आली.

"यंदा सून रूपा," मुकुंदरावांनी जाहीर केलं. "खरी सून घरात असताना खोटी कशाला?"

"आणि मी, अण्णा?"

"तू गौर. मोठं काम आहे."

"गौर कोणाला दिसतच नाही!"

"म्हणूनच मोठं."

"रूपाचा चेहरा कसा बघ, समईसारखा," तुंगाबाई काकू, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या अक्का, म्हणाल्या. मग घाईने, "तुझाही चांगलाच आहे ग. तू फक्त स्वल्प आठ्या घालतेस."

शलाकाने आणखी घातल्या. रूपश्रीबद्दल सगळ्यात वाईट गोष्ट ही होती, की तिच्यात वाईट असं काही सापडत नव्हतं. बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये अर्धं आयुष्य काढून ती संध्याकाळी घरी यायची आणि तरी दारात हसायची. ते हसणं शलाकाला सरळसरळ अपमान वाटायचा.

त्यात यंदा नाटुकल्याचं चित्रण करायचं ठरलं होतं. मराठी मंडळ घरोघरचे व्हिडिओ हॉलमध्ये दाखवणार होतं. म्हणजे रूपश्रीचा चेहरा आता गावभर! कॅमेरा शलाकाचा, म्हणून तिने अट घातली.

"शाल चालणार नाही. नाटकात प्रेक्षक सांगितलेलं मानून घेतात, पडद्यावर त्यांना पुरावा लागतो. पळी आपोआप उचलली गेली पाहिजे. पाट आपोआप सरकला पाहिजे. रांगोळीत पावलं उमटली पाहिजेत. मग त्यांना पटतं, की इथे कोणीतरी आहे."

"शालीने काय वाईट केलंय?"

"शाल दिसते, अण्णा! मी हिरवं कापड पांघरते. कॉम्प्युटर हिरवं तेवढं पुसतो आणि तिथे मागची रिकामी खोली दाखवतो. हिरवं ते गायब."

"सरी, बरं," मुकुंदराव म्हणाले. त्यांना काही न कळल्याचं ते लक्षण होतं.

शलाकाचा खरा बेत तिने कोणाला सांगितला नाही. हवेत पळी नाचायला लागली की सुनेच्या चेहऱ्याकडे कोण ढुंकून बघणार? आणि त्याच अदृश्य हाताने सुनेचा पदर दोनचारदा ओढला, तर कथेला कुठे धक्का बसतो?

चित्रणाच्या सकाळी तुंगाबाईंनी कपाटातून आपली म्हैसूर सिल्क काढली आणि रूपश्रीला नेसवली. ती साडी! फ्रॉक घालायच्या वयापासून शलाका तिच्यावरून हात फिरवत आली होती. 'तुझ्या लग्नात तुला' असं कितीदा कबूल केलेलं होतं. आता ती रूपश्रीच्या अंगावर, आणि वर कोपरापर्यंत चुडा. "गौरीला नव्या सुनेने हिरवंच नेसायचं," तुंगाबाई कौतुकाने म्हणाल्या.

शलाकाने कॅमेरा स्टँडवर खाडकन बसवला. (सगळ्या घराला हिरव्या रंगाचा धडा देणाऱ्या मुलीला त्या साडीचा रंग दिसलाच नाही. तिला फक्त आपली साडी दिसली.)

मग पोपटी चादर डोक्यावरून घेऊन, डोळ्यांपुरती दोन भोकं पाडून ती गौर झाली. पाट सरकवले, पळी नाचवली, उंबऱ्याला अडखळली आणि वहिनीचा पदर ठरल्यापेक्षा बराच जास्त ओढला.

"अगं शलाका, मला नीट जमतंय ना?" रूपश्रीने हसत विचारलं. चादरीने पदराला आणखी एक हिसका दिला.

संध्याकाळी आरती झाली. पाहुणे बसले होते, भिंतीवर पांढरी चादर ताणलेली होती, प्रदीपकुमार ऑफिसातला प्रोजेक्टर लावून तयार होता.

"अण्णा, मला एकदा बघून तरी घेऊ द्या," शलाका म्हणाली.

"आम्ही सगळे बघतोच आहोत की. एकटीने काय बघायचं?"

तेव्हा शलाकाने हिरवा रंग ओळखायचं काम कॉम्प्युटरवरच सोपवलं. त्याने इमानदारीने खोलीतलं सगळ्यात जास्त हिरवं शोधलं आणि पुसलं. पोपटी चादर त्याच्या हिशेबात पिवळ्यात जमा झाली.

पडद्यावर पहिल्यांदा आली पंगत. भात, वरण, पुरणपोळ्या, कोशिंबीर, सगळं थेट फरशीवर.

"अग बाई! नैवेद्य जमिनीवर?" तुंगाबाई ओरडल्या.

"खाली केळीची पानं आहेत, अक्का. गायब झालीत."

"गायब झालीत म्हणजे? मी स्वतः धुऊन मांडलेली!"

मग रूपश्री आली. म्हणजे तिचा चेहरा आला. नथ, कुंकू, गजरा, खाली मान संपते तिथे सगळं संपलेलं. बऱ्याच अंतरावर दोन गोरे तळवे वाटी धरून चाललेले. मधे मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर, तारखांसकट. आणि त्या चेहऱ्यामागे डोळ्यांना भोकं असलेला एक पोपटी गठ्ठा, उंबऱ्याला अडखळणारा आणि हवेतच तावातावाने काहीतरी ओढणारा.

"हे काय आहे?" एका पाहुण्याने विचारलं.

"गौर. आमची शलाका. ती दिसत नाही," मुकुंदराव म्हणाले.

"चांगली ठळक दिसतेय की!"

तुंगाबाईंनी मात्र हात जोडले होते. "अहो, बघताय ना? आपल्या गौरीसुद्धा मुखवट्याच्याच. तशीच आलीय हो, रूपाच्या रूपाने!"

"अक्का, मला धडच नाहीये," रूपश्री ओशाळून म्हणाली. पण तोवर मागच्या रांगेतल्या बायकांनीही हात जोडले होते.

"मंडळात हेच पाठवायचं," मुकुंदराव भारावून म्हणाले. "रूपाला हात लावू नको. तो पोपटी गठ्ठा तेवढा काढून टाक."

"अण्णा, तो गठ्ठा मी आहे."

"तूच ना? मग विचारायचं कोणाला? काढ."

शलाका उठली आणि भिंतीवरच्या चादरीसमोर जाऊन उभी राहिली.

"नाही काढणार."

"अगं, पण—"

"कॅमेरा माझा, कल्पना माझी, पाट मी ढकलले. एरवी मी घरात दिसते तेव्हा कोणी बघत नाही, आणि आज चुकून दिसले तर पुसून टाकायचं? गठ्ठा तर गठ्ठा. मी राहणार. मंडळात जायचं तर माझ्यासकट, नाहीतर जायचंच नाही!"

मुकुंदरावांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. तुंगाबाईंचे हात जोडलेले तसेच राहिले. पाहुण्यांच्या पापण्याही हलेनात. या घरात एवढ्या एकाग्रतेने आपल्याकडे कोणी कधी बघितलेलं शलाकाला आठवेना. तिचा ऊर भरून आला. तिने मान आणखी ताठ केली, आणि मग सगळ्यांची नजर आपल्या डोळ्यांच्या बरीच खाली का आहे, ते बघायला हळूच वाकवली.

प्रोजेक्टर चालूच होता. तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर रूपश्री हसत होती, आणि चादरीवरच्यापेक्षा तिथे ती कितीतरी जास्त छान दिसत होती.