हेक्टर आणि ॲबट यांच्यातला तह

जगातल्या कुठल्याही भांडणाचं मूळ गैरसमजात असतं, आणि दोन्ही पक्षांना एका ताटात जेवायला बसवलं की निम्मं भांडण तिथंच मिटतं. हा सिद्धांत मी डरहॅममधल्या एका कॉलेजात बावीस वर्षं शिकवला. त्यावर परीक्षेत प्रश्न काढले. ज्यांना तो पटला नाही त्यांना नापास केलं. गेल्या एप्रिलमध्ये मी तो पहिल्यांदाच स्वतः वापरून पाहिला, आणि माझ्या उजव्या अंगठ्याला समोरासमोर दोन भोकं पडली.

त्याचं असं झालं. आमच्या शेजारच्या जॉस बेनब्रिजचं खुब्याचं ऑपरेशन निघालं. जॉसने चाळीस वर्षं दगडखाणीत काढली आणि त्याहून जास्त वर्षं फेरेट पाळण्यात. फेरेट म्हणजे मुंगसाच्या बांध्याचा, लांबोडका, सशाच्या बिळात सोडायचा प्राणी. आमच्या दरीत ज्याच्याकडे फेरेट नाही त्याच्याकडे लोक जरा दयेनेच बघतात. मी त्यांतलाच. म्हणूनच की काय, जॉसने निघताना मला परसात नेलं.

"मास्तर, डावीकडच्या पिंजऱ्यात हेक्टर, उजवीकडच्यात ॲबट. सख्खे भाऊ. दोघं पांढरे, दोघांचे डोळे लाल. ओळखू येत नाहीत म्हणून ॲबटच्या ढुंगणावर निळा ठिपका लावलाय. मेंढरांना लावतो तोच रंग."

"अस्सं."

"दोघांना एकत्र ठेवायचं नाही."

"का?"

"एप्रिल आहे."

"म्हणजे?"

"मार्चनंतर येतो तो," जॉस म्हणाला आणि पुतण्याच्या गाडीत बसला. तिथून पुढे तो दोन महिने बहिणीकडे राहणार होता.

आता ॲबटबद्दल थोडं सांगायला हवं. फेरेटची मादी एकदा माजावर आली की नर मिळेपर्यंत उतरतच नाही. तशीच महिनोन् महिने राहिली तर रक्त आटून मरते. नर दिला तर डझनभर पिल्लं! यावर तोडगा म्हणजे नसबंदी झालेला नर. मादी शांत होते, पिल्लं होत नाहीत. आमच्या गावात असा नर एकच, ॲबट. वसंत ऋतूत तो टोपलीत बसून घरोघरी जातो, दोन दिवस पाहुणचार झोडतो आणि जावईबापूंसारखा जड अंगाने परत येतो. हेक्टरची मात्र नसबंदी झालेली नाही. हेक्टर हा दरीतला सर्वांत नामांकित ससेमार, आणि त्याचा वंश वाढावा अशी जॉससकट सगळ्यांची इच्छा.

पहिले दोन दिवस मी सूचना पाळल्या. पण ते दोघे भाऊ जाळीतून एकमेकांकडे असे बघत की मला वाटणीचा दावा चाललेल्या घराची आठवण यायची. हिवाळाभर एकाच गवतात एकमेकांच्या अंगावर झोपलेले हे जीव! तिसऱ्या दिवशी मी दोघांना आमच्या स्वयंपाकघरात आणलं, जमिनीवर मधोमध एक ताटली ठेवली, तिच्यात सशाच्या मांसाचे तुकडे, आणि म्हणालो, "या."

ताटलीकडे हेक्टरने पाहिलं नाही. ॲबटनेही नाही. दोघांनी एकमेकांच्या मानेकडे पाहिलं.

पुढचं मला नीट दिसलं नाही. एक पांढरा गोळा खोलीभर फिरत होता आणि त्यातून किटली उकळल्यासारखी शिट्टी येत होती. शेपट्या बाटली धुवायच्या ब्रशासारख्या फुलल्या होत्या. शिवाय एक वास सुटला. सडक्या कोबीत कोणीतरी जुना बूट शिजवावा तसा. मी तटस्थ मध्यस्थाच्या भूमिकेतून हात पुढे केला.

माझी बायको हिल्डा दारात येऊन उभी राहिली.

"मारामारी चाललीय?"

"मारामारी नाही. सुरुवातीचा मतभेद."

"तुझा अंगठा कुठाय, डग्लस?"

"हेक्टरच्या तोंडात."

"मग मतभेद तुझ्याशी दिसतोय," असं म्हणून तिने मला हेक्टरसकट मोरीपाशी नेलं आणि त्याच्या नाकावर गार पाण्याचा नळ सोडला. त्याने अंगठा सोडला. हा उपाय कुठल्याही पुस्तकात नाही, आणि ती तो कुठे शिकली हे मी विचारलं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्ट अंगठ्यावर भागली असती. पण प्राण्यांमध्ये ओळख वासावरून पटते, असं मी कुठंतरी वाचलं होतं. दोघांना एकच वास दिला की परकेपणा संपला! मी पत्र्याच्या टबात कोमट पाणी घेतलं, हिल्डाचा शाम्पू ओतला आणि दोघांना एकदम आत बुडवलं. आणि काय सांगू, दोघे गप्प! नाकापर्यंत फेसात, शेजारी शेजारी, गंगेत घोडं न्हाल्यासारखे. त्या क्षणी माझ्या डोक्यात एक शोधनिबंध तयार झाला.

पाणी निळं होत होतं. मला तो शाम्पूचा गुण वाटला.

बाहेर काढले तेव्हा दोघांचा रंग एकसारखा होता. निळीत बुचकळून काढलेले दोन शर्ट असावेत तसा. ठिपका दोघांनाही नव्हता, किंवा दोघांनाही नाकापासून शेपटीपर्यंत होता म्हणा. यावर काही विचार करावा एवढ्यात ते वाळले. वाळताच त्यांना आपण भाऊ असल्याचं पुन्हा आठवलं आणि टॉवेलमधून, सोफ्याखालून, माझ्या पायांमधून ती शिट्टी परत सुरू झाली. शेवटी हिल्डाने राख काढायचं फावडं दोघांच्या मधे घातलं, एकावर बादली पालथी घातली आणि दुसऱ्यावर धुण्याची टोपली.

आम्ही दोघं खुर्च्यांवर बसलो. 

"हेक्टर कुठला?" हिल्डाने विचारलं.

"बादलीतला."

"कशावरून?"

"बादली आतून जास्त जोरात वाजतेय."

"जॉसला फोन कर."

"ऑपरेशन झालेल्या माणसाला त्रास कशाला द्यायचा?"

"त्रास त्याला होईल की तुला?"

जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावं असंही मनात आलं. पण डॉक्टर म्हणजे जॉसचा तोच पुतण्या. तेव्हा मी दोघांना दोन पिंजऱ्यांत ठेवलं, आणि चार दिवसांनी विनी फेदरस्टोनबाईंचा फोन आला.

बाई एकोणऐंशीच्या. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. घरात त्या आणि फ्लॉसी नावाची फेरेट. फ्लॉसी बाईंच्या खांद्यावर बसून दुकानात येते, आणि संध्याकाळी बाई तिला दिवसभराच्या बातम्या सांगतात. बातम्या फारशा नसतात, त्यामुळे रोज त्याच सांगतात, पण फ्लॉसीने कधी तक्रार केली नाही.

"बाळा," बाई म्हणाल्या. मी चौपन्न वर्षांचा आहे, पण ते असो. "बाळा, फ्लॉसी महिनाभर माजावर आहे. खात नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्यात. ॲबटला आज आण. आणि नीट बघून आण हो! दोन वर्षांमागं शेजारचा नर जाळी कुरतडून आत शिरला, नऊ पिल्लं झाली. एक पियानोत शिरलं, ते काढायला सुतार आणावा लागला. आता माझे गुडघे गेले. परत पिल्लं झाली तर फ्लॉसीला देऊन टाकीन, दुसरं काय करू?"

शेवटचं वाक्य त्या हळू म्हणाल्या.

म्हणजे नर नेला नाही तर फ्लॉसी मरणार, आणि चुकीचा नेला तर बाईंच्या घरातून जाणार. मी पिंजऱ्यांसमोर एक तास स्टूल टाकून बसलो. एक निळा जाळी चावत होता. दुसरा निळा पाठ फिरवून बसला होता, संसारातून मन काढून घेतल्यासारखा. नसबंदी झालेल्याची मनोवृत्ती अशीच असणार, असा मी निष्कर्ष काढला. त्याला टोपलीत घातला.

"हा निळा का?" बाईंनी विचारलं.

"एप्रिल आहे," मी म्हणालो.

बाईंनी टोपलीत डोकावून पाहिलं, "आलास का रे?" म्हणाल्या आणि त्याला आत घेऊन गेल्या. दोन दिवसांनी मी त्याला परत आणलं. फ्लॉसी खायला लागली होती. मी सुटलो!

तीन आठवड्यांनी बाई दुकानात भेटल्या.

"फ्लॉसी काय खाते म्हणून सांगू! पोट तर बघ कसं सुटलंय."

"पोट?" मी म्हणालो.

"चांगलं गरगरीत."

माझ्या हातात अंड्यांचा खोका होता. तो मी खाली ठेवला, आणि घरी अंडी न घेताच गेलो.

पाचव्या आठवड्यात फ्लॉसीने अंगावरचे केस उपटून गवतात घालायला सुरुवात केली. सहाव्यात तिच्या पोटाखाली दूध दिसायला लागलं. हे सगळं बाई मला अगदी शांतपणे सांगत होत्या, आणि त्या शांतपणानेच मला झोप येईना. बिचारीच्या लक्षातच येत नाहीये, मी मनात म्हणायचो. कबुली द्यायला मी तीनदा त्यांच्या दारात गेलो. तिन्ही वेळा त्यांनी मला रूबार्ब, म्हणजे मुरंब्याची ती आंबट लाल देठं, जुडीभर दिली आणि मी ती घेऊन परत आलो. आमच्याकडे नऊ दिवस रूबार्बचा मुरंबा चालू होता.

"हे घशाखाली उतरत नाही, डग्लस," हिल्डा म्हणाली. "आणि मी मुरंब्याबद्दल बोलत नाहीये."

मग मी ठरवलं. फेरेट बेचाळीस दिवसांनी वितात. तोपर्यंत पिल्लांना आधीच घरं शोधून ठेवायची. एकेक पिल्लू कोणाच्या नावावर लागलेलं असलं, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत फ्लॉसीचं बाळंतपण आमच्या घरी केलं, तर बाईंना तिला द्यायची वेळ येणार नाही. मी पबमध्ये गेलो आणि विल्फ कोल्टहार्डला अत्यंत खाजगीत म्हणालो, "एक पिल्लू घेशील का? फ्लॉसीचं. बाप बहुतेक हेक्टर."

विल्फने ग्लास खाली ठेवला. "हेक्टरचं? जॉस तर कोणाला देत नाही! पहिली निवड माझी!"

"कुठं बोलू नकोस."

"छे!"

शनिवारपर्यंत माझ्याकडे चौदा नावं आली होती. त्यांत एक माणूस पलीकडच्या दरीतला होता, त्याला मी ओळखतही नव्हतो. खाटकाने न मागता मला दोन पौंड सॉसेज पाठवली.

त्रेचाळिसाव्या दिवशी सकाळी मी सगळं खरं सांगायचं ठरवून बाईंच्या घरी गेलो, तर फाटकाबाहेर रांग! सगळ्यांत पुढे विल्फ आणि खाटीक.

"पहिली निवड माझी, मास्तरांनी शब्द दिलाय."

"तू घेणार आणि त्याला सोफ्यावर झोपवणार! हेक्टरचं रक्त वाया!"

"सॉसेज देऊन पिल्लू मागणाऱ्याने रक्ताच्या गोष्टी करू नयेत!"

खाटकाने विल्फची कॉलर धरली. विल्फने खाटकाचा मफलर धरला. दोघेही तांबडेलाल झाले. मला गार पाण्याचा नळ आठवला, पण जवळ नव्हता. मी मधे पडलो आणि म्हणालो, "हे बघा, भांडणाचं मूळ गैरसमजात असतं." दोघांनी मिळून मला कुंपणात ढकललं. दोन्ही पक्षांचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहत होतो.

दार उघडलं. फेदरस्टोनबाई काठी टेकत बाहेर आल्या.

"माझ्या फाटकात हा बाजार कसला?"

कुंपणातून बाहेर येत मी सगळं सांगितलं. ताटली, टब, शाम्पू, बादली, टोपली, पाठ फिरवून बसलेला निळा. "बाई, चूक माझी. पिल्लं मी सांभाळतो. सगळी. तुम्ही फक्त फ्लॉसीला देऊ नका."

 काठीवर दोन्ही हात ठेवून बाईंनी एक मोठा सुस्कारा सोडला.

"अरे बाळा, तो ॲबटच होता. चार वर्षं माझ्याकडे येतोय तो. आला की पहिल्यांदा कोळशाच्या बादलीत जाऊन घोरतो. याही वेळी घोरला. मला विचारायचंस की!"

"पण पोट? दूध?"

"नसबंदीवाला आणला की दर वर्षी होतं. तिला वाटतं आपण बाळंत होणार. बेचाळीस दिवस वाट बघते, मग विसरते."

रांगेतून कोणीतरी हसलं. विल्फ खाटकाचा मफलर नीट करत म्हणाला, "तरी मी म्हणणार होतो. पण म्हटलं, मास्तर शिकलेला माणूस, त्याला माहीत असेल."

एवढ्या लांबून आलोच आहोत तर बघून तरी जाऊ, असा सगळ्यांनी आग्रह धरला. बाईंनी आम्हाला मागल्या खोलीत नेलं आणि पेटीचं झाकण उचललं. फ्लॉसी अंगाचं वेटोळं करून काहीतरी जिवापाड सांभाळत होती. बाईंनी तिला हलकेच बाजूला केलं.

घरट्यात लोकरीचे तीन मोजे होते. त्यांत जोडी एकही नव्हती.