थंड जागी ठेवायची अक्कल

अक्कल विकत मिळत नाही, ही म्हण या लेखाद्वारे रद्द करण्यात येत आहे. मिळते. पार्सलने घरपोच येते. फक्त थंड जागी ठेवावी लागते, म्हणून आमच्या घरची अक्कल फ्रिजमध्ये, लिंबांच्या डाव्या हाताला असते. (लिंबं जास्त आली, की अक्कल अंड्यांच्या कप्प्यात हलवतात.)

हिचं कूळ पेप्टाइड. म्हणजे प्रथिनांचे बारके तुकडे, असं माझ्या थोरल्याने मला समजावलं. थोरला मोठ्या कचेरीत साहेब आहे. तिथले सगळेच साहेब हे पोटात टोचून घेतात आणि मग बैठकीला बसतात. बैठका पूर्वीएवढ्याच लांबतात, पण आता लक्षपूर्वक लांबतात.

मी तिसरीपर्यंत शिकलेली. शंका विचारायची लाज वाटावी, एवढा माझा अभ्यासच झालेला नाही.

"याने हुशारी वाढते कशावरून?"

"आई, उंदरांवर सिद्ध झालंय."

"आपल्या माळ्यावरचा उंदीर पिंजऱ्यातला तुकडा खाऊन पिंजरा उघडाच ठेवून जातो. त्याला कोण टोचायला गेलं होतं?"

"माणसांवरही झालेत की प्रयोग."

"किती माणसं?"

"थोडी."

"किती दिवस?"

"थोडे."

बाकीचा पुरावा भक्कम आहे. एक, फोनमधला पांढऱ्या कोटातला माणूस. तो डॉक्टर नाही (कोट मात्र त्याचा स्वतःचा आहे). दुसरे, थोरल्याचे वरचे साहेब, ज्यांना 'फरक पडला'. शिवाय थोरल्याची वही. तीत तो रोज सकाळी स्वतःच्या हुशारीला दहापैकी गुण देतो. पहिल्या आठवड्यात सहा होते, सहाव्यात नऊ झाले. स्वतःच पेपर लिहायचा नि स्वतःच तपासायचा. अशी शाळा मिळती, तर मीही मॅट्रिकला पहिली आले असते.

अपाय म्हणाल, तर नाहीच. पोटावर दोन लाल गाठी उठल्या, त्या किरकोळ. डोकं दुखलं, म्हणजे लागू पडतंय. दुखायचं थांबलं, म्हणजे लागू पडलं. काहीही झालं तरी कौतुक त्याचंच. असं औषध मी पाहिलं नव्हतं, जावई तेवढे पाहिले होते.

तरी पोट त्याचं, गाठी त्याच्या. मी तोंड मिटून होते.

मग एका रविवारी जेवताना असं ठरलं, की सोमवारपासून नातीलाही सुरू करायचं. नात पंधरा वर्षांची. परीक्षा दोन महिन्यांवर, आणि चाचणीत गणितात एकाहत्तर. आमच्या घरी एकाहत्तर हा आजार समजला जातो. (मला किती पडायचे, ते सांगायला मी बांधील नाही.)

"अगदी एवढीशी मात्रा, आई," सूनबाई म्हणाली. "सगळ्यांची मुलं पुढे जातील नि आपलीच मागे राहील."

सूनबाईची थोडी ओळख करून देते. ही भेंडी घेताना एकेकीचं टोक मोडून बघते. दूध हुंगते. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख उजेडात धरून वाचते. तिच्या नजरेखालून या घरात शिळा दाणा शिरत नाही. बाटलीवर मात्र करणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, आणि ती लेकीच्या पोटात रिकामी व्हायची होती.

मी म्हटलं, भेंडीचा नियम बाटलीला लावू. चष्मा मागवला, खोकं पुढ्यात घेतलं. अक्षरं मुंगीएवढी. मी बोट ठेवून वाचते. वेळ लागतो, पण ओळ सुटत नाही. शिकलेली माणसं भरभर वाचतात, त्यांच्या सुटतात. आमटी गार झाली तेव्हा कुठे तळाची ओळ लागली. मोठ्याने वाचली: "फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी. माणसांना देऊ नये."

सूनबाईचा घास हातातच राहिला.

"ते नुसतं कायद्यासाठी असतं गं," थोरला म्हणाला. "तसं लिहिलं की विकता येतं."

"विकणाऱ्याने स्वतःची सुटका करून घेतली. पोरीची कोणी करायची?"

"अगं, पण ते वाईट आहे असा काही पुरावा नाहीये ना!"

"पलीकडच्या गल्लीत एक मुलगा राहायला आलाय. कोणाचा, कुठला, काय करतो, कोणालाच ठाऊक नाही. म्हणजे वाईट आहे असा पुरावा नाही. देतोस पोरगी?"

थोरल्याने खोकं ओढून घेतलं नि तळाची ओळ बोट ठेवून वाचली. (सहा आठवड्यांत प्रथमच. वहीत याची नोंद नाही.)

तेवढ्यात नातीने विचारलं, "बाबा, त्या उंदरांना गणितात किती पडले?"

प्रस्ताव फेटाळण्यात आला. बाटल्या माझ्या ट्रंकेत गेल्या, किल्ली माझ्या कमरेला. ट्रंक थंड नसते, याची मला पूर्ण कल्पना आहे. नात आता रोज दोन तास गणितं सोडवते आणि नऊ तास झोपते. या उपायाची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्याला खोकं नाही.

ही हकिगत ऐकायला आजवर चौदा शेजारी येऊन गेले. सगळ्यांनी मान डोलावली. "बरं झालं बाई, पोर वाचली," म्हणाले. मग दारात चपला घालताना त्यांतल्या अकरा जणांनी हळूच विचारलं, "नाव काय हो त्या औषधाचं?" तिघांनी विचारलं नाही. त्यांच्याकडे होतंच.

तुम्ही त्यांतले नव्हे, हे मी जाणून आहे. तरी नाव मी मुद्दामच लिहिलेलं नाही. चुकून कुठे राहून गेलंय का, म्हणून आत्ता परत वर नजर टाकलीत ना? टाका, टाका. या वेळी तरी बोट ठेवून वाचा.