समुद्र कितव्या क्रमांकावर लावावा

आमच्या पंचक्रोशी घरगुती निवास चालक संघाने वेबसाइट काढायचा ठराव एकमताने मंजूर केला, तेव्हा संघाच्या स्थापनेला सहा वर्षं झाली होती आणि एकमत होण्याची ती पहिलीच वेळ होती. मी संघाचा कार्यवाह. सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो असल्यामुळे सभेचं इतिवृत्त माझ्या अक्षरात आहे आणि त्यात एकही खाडाखोड नाही. पुढची हकिगत ज्यांना खोटी वाटेल त्यांनी दिवेआगरला येऊन ती वही तपासावी. येण्यापूर्वी अर्ज करावा.

या ठरावाला कारण झाल्या माझ्या शेजारच्या गोदूताई. वादळात त्यांची निम्मी सुपारी आडवी झाली आणि घराचे पत्रे कुठल्या कुठे गेले. बाईंनी हाय खाल्ली नाही. दोन खोल्या नव्याने उभ्या केल्या आणि पाहुणे ठेवायला लागल्या. पण गल्लीच्या आत घर, पाटी कुणाला दिसत नाही, त्यामुळे पाहुणा काही फिरकेना. मुलगा नवी मुंबईत उलव्याला असतो, तो सारखा म्हणायचा, घर बंद कर आणि ये इकडे. गोदूताईंना उलव्याच्या चौदाव्या मजल्यावर जायचं नव्हतं. त्यांनी मुलाला सांगितलं होतं, की एका दिवाळीच्या सुट्टीत खोल्या भरतात का बघते, नाही भरल्या तर कुलूप लावून येते.

त्यांची भाची रुचिता हिने नवी मुंबईतली नोकरी सोडून बोर्ली पंचतनला औषधांच्या दुकानाच्या वर वेबसाइटचा धंदा काढला होता. तिने आत्यासाठी एकच पान केलं. वर समुद्र, खाली सुपारीत टांगलेला झोपाळा, त्याखाली घावन्यांचं ताट आणि मोबाइल नंबर. बस्स. मी ते पाहून म्हटलं, यात माहिती काहीच नाही, चालक-मालकाचा परिचय नाही, प्रास्ताविक नाही, हे कोण उघडणार? तर पुढच्या शनिवारपासून त्या गल्लीत पुण्याच्या गाड्या लागायला लागल्या. एक गाडी माझ्या फाटकासमोर आडवी लावली होती, त्यावरून बाचाबाची झाली, म्हणून मला नक्की आठवतं.

उरलेल्या बेचाळीस सभासदांच्या पोटात दुखायला लागलं. तातडीची सभा भरली. संघाचे अध्यक्ष धर्माशेठ, यांच्या बारा खोल्या आहेत, त्यांनी शिस्तीचा मुद्दा काढला. एका सभासदाचं पान असणं म्हणजे बाकीच्यांवर अन्याय. तेव्हा संघाची एकच वेबसाइट असावी, काम रुचितालाच द्यावं आणि गोदूताईंचं पान एकोप्याच्या भावनेने बंद करावं. गोदूताईंनी सगळ्यांचंच भलं होतंय म्हणून मान हलवली. रुचिताला तर आनंद मावेना. दोन खोल्यांवरून एकदम त्रेचाळीस घरं म्हणजे धंदा वाढलाच की.

तिने महिन्याभरात नमुना आणला. मुखपृष्ठावर पुन्हा समुद्र. धर्माशेठनी तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, यात आपण कुठे आहोत? प्रश्न बिनतोड होता. आमच्या नाक्यावर दहावीच्या निकालाचा फलक लागतो, तेव्हा पास झालेल्या मुलीच्या वर सात मान्यवर असतात आणि खाली सतरा शुभेच्छुक. मुलगी मधे शोधावी लागते, पण सापडते. ही आमची रीत आहे आणि तिच्यामुळे गावात कधी कुणी रुसलेलं नाही, निदान फलक लागल्यावर तरी नाही. रुचिता म्हणाली, की पाहुणे समुद्र बघायला येतात, माणसं बघायला नाही. त्यावर धर्माशेठ शांतपणे म्हणाले,

"समुद्र आपलाच हाय. तो काय रुसनार न्हाय. त्याला खाली घे."

समुद्र खाली गेला. वर अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यवाह आणि खजिनदार आले. नम्रपणे सांगतो, माझा फोटो बरा आला होता.

मग उरलेल्या एकोणचाळीस जणांनी आपापले फोटो पाठवले आणि क्रमाचा प्रश्न उभा राहिला. मी वर्णानुक्रम सुचवला, तो अक्षर मागे असलेल्यांनी फेटाळला. खोल्यांच्या संख्येवर लावा म्हटलं, तर दोन खोल्यांवाल्यांनी नाक मुरडलं. रघूअण्णा हे आमचे सर्वांत ज्येष्ठ सभासद. त्यांना अध्यक्षांच्या खाली बसायचं नव्हतं. ते भर सभेत उठून म्हणाले, "माझ्या वाडीत पयला पावना उतरला तवा ह्यो धर्मा चड्डीत होता." चड्डीचं मी इतिवृत्तात घेतलं नाही. केसरताईंनी बायकांची ओळ वेगळी की मिसळून, हे विचारलं. वेगळी केली तर खाली का, आणि मिसळली तर शेजारी कोण, हेही विचारलं. कमलेश उपाध्यक्ष, त्याने आपल्या कैलासवासी वडिलांचा हार घातलेला फोटो आणला आणि सांगितलं, की संघाची मूळ कल्पना त्यांचीच. दिवंगतांना नाही कोण म्हणणार? दुसऱ्या दिवशी आणखी अकरा दिवंगत आले.

फोटो क्रम निश्चिती उपसमिती नेमली. तिच्या सहा बैठका झाल्या, पण उपसमितीच्या सदस्यांचाच क्रम ठरेना. या सगळ्यात गणपती उलटले. गोदूताई मला कुंपणावरून रोज विचारायच्या, की भाऊसाहेब, दिवाळीला होईल ना हो चालू? मी त्यांना सांगायचो, प्रक्रिया सुरू आहे.

शेवटी रुचितानेच तोड काढली. पान दर वेळी उघडलं की फोटोंचा क्रम आपोआप बदलेल, म्हणजे कधी ना कधी प्रत्येक जण पहिला. टाळ्या पडल्या. नवरात्रात वेबसाइट सुरू झाली आणि सगळा गाव कामाला लागला. प्रत्येक जण आपला फोटो पहिला येईपर्यंत पान उघडत आणि मिटत बसायचा. आला की तेवढ्याचं छायाचित्र काढून संघाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा. खाली बाकीचे बेचाळीस जण अंगठा दाखवायचे आणि आपला येईपर्यंत पुन्हा उघडायला लागायचे. रघूअण्णांचा फोटो तीन दिवस वर येईना, तर त्यांनी अन्न सोडलं. चौथ्या दिवशी आला. वेबसाइटला रोज अकरा हजार भेटी पडू लागल्या.

राहिला मोबाइल नंबर. त्रेचाळीसपैकी कुणाचा देणार? अध्यक्षांचा दिला तर पाहुणे अध्यक्षांकडेच जाणार. हा पेच मात्र मी सोडवला आणि त्याचा मला अभिमान आहे. नंबर द्यायचाच नाही. पाहुण्याने नमुना अर्ज भरावा, तो चौकशी उपसमितीसमोर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ठेवला जाईल आणि पाळीने खोली मिळेल. पुण्याच्या एका कुटुंबाने दिवाळीच्या चार दिवसांसाठी अर्ज भरला होता. त्यांना मार्गशीर्षात आम्ही मंजुरी कळवली. सोबत कुटुंबप्रमुखाचे दोन फोटो मागवले.

दिवाळीत गावात चिटपाखरू नव्हतं. धर्माशेठच्या बाराच्या बारा खोल्यांना बाहेरून कडी होती. गोदूताईंनी पाडव्याला पहाटेच उठून दोन्ही खोल्या सारवल्यासारख्या लख्ख केल्या, ओसरीत पणत्या लावल्या आणि संध्याकाळपर्यंत फाटकाकडे बघत बसल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. सभेत आम्ही कारणांचा सखोल विचार केला आणि सभासदांचे फोटो जुने झाल्यामुळे पर्यटक आकर्षित होत नाहीत असा निष्कर्ष काढला. सर्वांनी नवे फोटो काढून घेतले. मी टाय लावला.

त्याच आठवड्यात कुठल्याशा संस्थेने जिल्ह्यात सर्वाधिक भेटी मिळवणारी वेबसाइट म्हणून आम्हाला ढाल दिली. झालं. रुचिताच्या जिन्यावर रांग लागली. पतपेढ्या आल्या, देवस्थानं आली, क्रिकेटची मंडळं आली, आणि सगळ्यांना तशीच फिरत्या फोटोंची वेबसाइट हवी. एका मंडळाने तर वेबसाइट नको, नुसते फोटो फिरवून द्या म्हटलं. तिने नऊ माणसं ठेवली. त्यातली सहा फोटो क्रम विभागात आहेत, दोघं दिवंगत विभागात आणि पूनम म्हणून एक मुलगी आहे, ती फोन करून रुसलेल्यांची समजूत काढते. औषधांच्या दुकानाची वरची जागा अपुरी पडायला लागली.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी गोदूताईंनी मुलाला फोन केला, की येते. हे कळल्यावर रुचिता सगळं काम टाकून आली. मी गोदूताईंच्या ओसरीवरच होतो. तिने चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, आत्या, संघ गेला खड्ड्यात. मी तुझं जुनं पान परत चालू करते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कार्यवाहासमोर हे बोलणं शिस्तीत बसत नव्हतं, पण मी ऐकलं नाही असं केलं, कारण मलाही मनातून ते पटलं होतं. अजून नाताळ होता, जानेवारीतल्या सुट्ट्या होत्या. दहा मिनिटांत तिने पान लावलं आणि फोन आत्याच्या हातात दिला. समुद्र. झोपाळा. घावने. नंबर.

गोदूताईंनी चष्मा पुसून घातला. पान वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं.

"छान हाय गो," त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "पन समद्यांचे फोटू झाले. माझ्याच पानावर माझा तेवढा न्हाय व्हय?"

रुचिताने आत्याला तुळशीजवळ उभं केलं, फोटो काढला आणि समुद्राच्या वर लावला. गोदूताईंचा चेहरा असा खुलला, की इतक्या महिन्यांत मी तसा पाहिला नव्हता. मग त्यांना आठवलं, की उलव्याच्या मुलाचा नाही लावला तर सून बोलेल. मुलाचा लावला, सुनेचा लावला, नातवाचा वाढदिवसाच्या टोपीतला लावला. वादळात पत्रे उचलायला आलेल्या ओंकारचा लावला. कैलासवासी यजमानांचा हारासकट लावला. शेजारधर्म म्हणून माझाही टाय लावलेला लावला, मी फारसं नको म्हटलं नाही. दिवेलागणीपर्यंत झोपाळा आणि घावने निघून गेले होते, समुद्र पोस्टाच्या तिकिटाएवढा राहिला होता आणि नंबराला जागा उरली नव्हती. गोदूताईंनी ते पान मुलाला, सुनेला आणि सगळ्या नात्यात पाठवलं. तुळशीचं लग्न लावून त्या उलव्याला गेल्या. त्यांच्या दोन खोल्या आता रुचिताने फोटो क्रम विभागासाठी घेतल्या आहेत, त्यामुळे त्या बारा महिने भरलेल्या असतात.

तुम्हाला आमच्या गावाचं हसू आलं असेल. येऊ दे. तुम्हीही मागे कधीतरी आमच्या किनाऱ्यावर येऊन गेला असाल. फोन काढा आणि त्या दिवशीचा समुद्राचा एखादा फोटो शोधा, ज्यात तुम्ही नाही. सापडला तर संघाला कळवा. मुखपृष्ठासाठी आम्हाला हवा आहे, आणि खाली तुमचं नाव, फोटोसकट, नक्की टाकू.