एका हाराखालची यंत्रं

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चटणी वाटण्याआधी मिक्सरने ऋजुताला विचारलं, की आता आपण कुणाचे? ऋजुता मुळात घाबरट. कुकरची शिट्टी झाली तरी तिच्या हातातलं काहीतरी पडायचं. या वेळी नारळाची वाटी पडली.

‘सांग त्याला, आमचाच आहेस म्हणून,’ आई पोळी उलटत म्हणाली. ‘आणि आधी चटणी वाट म्हणावं.’

झालं होतं ते असं. जुने गेम चालावेत म्हणून ऋजुताने गेम कन्सोलमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर पुसलं आणि हौशी लोकांनी बनवलेलं कस्टम फर्मवेअर घातलं. ‘वॉरंटी जाईल, ऋजू,’ असं बाबा म्हणाले, तेव्हा ती जराशी फणकारलीही होती. दसऱ्याला आईने कन्सोल, मिक्सर, छोटं शिवणयंत्र आणि बाबांचं कानाचं मशीन पूजेला एकाच चौरंगावर मांडलं. झेंडू कमी पडला, म्हणून सगळ्यांवरून एकच हार घातला. फर्मवेअर हारातून सगळ्यांत उतरलं. खालच्या टिळेकरकाकूंना याचं नवल वाटलं नाही. त्यांच्याकडे दर यंत्राला वेगळं फूल असतं.

सुरुवातीला मजा होती. शिवणयंत्र कुठलीही सुई चालवून घेई, मिक्सर गप्पा मारी. मग कन्सोलच्या कंपनीला सुगावा लागला आणि तिने खातेदारावर बंदी घातली. खातं ऋजुताच्या नावाचं. हाराखालच्या सगळ्यांनीच ती बंदी इमानाने पाळली. ऋजुताने बटण दाबलं की मिक्सर गप्प. त्याचं एवढं काही नाही, आई दाबायची. पण बाबांचं मशीन आईचं बोलणं ऐकवी, भाजीवाल्याची आरोळी ऐकवी, ऋजुताचा शब्द मात्र आत घेईना.

बाबांना वाटलं, पोरगी वॉरंटीवरून रुसली. तिने सगळा खुलासा कागदावर लिहून दिला. तो त्यांनी चष्मा लावून वाचला आणि ते आईला म्हणाले, ‘बघ, बोलायचंसुद्धा नाही तिला माझ्याशी.’

ऋजुताने रडतच मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या बाईंनी अदबीने सांगितलं, की मूळ फर्मवेअर घातल्यास बंदी उठते. मात्र ते गेलं त्याच वाटेने परत यायला हवं, आणि मध्येच वीज गेली तर सगळीच यंत्रं कायमची मुकी होतील.

आईने विसर्जनासाठी बाजूला ठेवलेला सुकलेला हार पुन्हा सगळ्यांवर घातला. बाबा मशीन कानातून काढायला तयार नव्हते, त्यामुळे तेच चौरंगाला टेकून बसले, हाराचं टोक कानावर घेऊन, पेपर वाचत. ऋजुताने कन्सोलमध्ये मूळ फर्मवेअर घालायला घेतलं. मध्येच पंखा मंदावला. ऋजुताने डोळे गच्च मिटले. पंख्याने पुन्हा वेग घेतला आणि कन्सोलचा हिरवा दिवा लागला.

‘बाबा,’ तिने हाक मारली.

काही नाही. तिने घसा खाकरून पुन्हा हाक मारली.

‘ओ,’ मिक्सर म्हणाला; गप्पांची खोड तेवढी त्याच्यात मागे राहिली होती.

बाबांनी पेपरचं पान उलटलं. ‘तुला नव्हे रे,’ ते त्याला म्हणाले, ‘मला बोलावतेय ती.’