चौदा नंबरची कूस

“चौदा नंबर कुठाय? मेधा, चौदा नंबरचा बेड रिकामा कसा?”

सकाळचे साडेआठ वाजले होते. सिस्टर आमच्या दारात उभ्या राहून ओरडत होत्या. तो आवाज आमच्या मागच्या दाराने बाहेर पडून थेट मिरकरवाड्याला पोचला असणार, कारण बंदरातल्या एका बोटीने त्याला उलट भोंगा दिलेला मी माझ्या कानांनी ऐकला. माझ्या तोंडात ब्रश होता. मेधाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातात लाटणं होतं. आणि सिस्टर डोळ्यांवर काळा चष्मा लावून, जांभळी पैठणी नेसून, मे महिन्याच्या घामात निथळत होत्या. लग्न कुणाचंच नव्हतं. पैठणीची पाळी होती.

हे जरा नीट सांगायला हवं.

सुमनसिस्टर आमच्या शेजारी राहतात. तेहतीस वर्षं त्या नर्स होत्या. दवाखान्यात पांढरी साडी, घरी गाऊन, यापलीकडे त्यांनी अंगाला काही लावलं नाही. लग्न का केलं नाहीत असं कुणी विचारलंच तर म्हणतात, “ड्यूटी लागली होती.” पण साड्या येतच राहिल्या. भाऊबीजेची एक, भाचरांच्या लग्नांतल्या, सुखरूप सुटलेल्या बाळंतिणींनी बळंच हातात कोंबलेल्या. सगळ्या कपाटात शिरल्या आणि आडव्या झाल्या. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरनी कपाट उपसून मोजलं, तर आत एकशे बारा साड्या.

“एकशे बारा पेशंट,” त्या मला म्हणाल्या, “आणि त्यातले निम्मे बेशुद्ध.”

त्याच दिवशी त्यांनी कपाटाचा वॉर्ड करून टाकला. वरचा कप्पा म्हणजे स्पेशल रूम, तिथे रेशमी. मधला जनरल वॉर्ड. फॉल-पिको न झालेल्या सगळ्या खाली, ऑपरेशनच्या प्रतीक्षेत. प्रत्येक साडीला बेड नंबर, आणि टाचणीने लावलेलं एक कार्ड: कुणी आणली, कधी दाखल झाली, बाहेर कधी पडली. नियम एकच. दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत प्रत्येक साडी एकदा तरी अंगावर बसून घराबाहेर पडली पाहिजे. जी पडली नाही ती डिस्चार्ज. कुणाला तरी देऊन टाकायची, हळहळायचं नाही.

पाळी आली की आली. मग ऊन असो, पाऊस असो, की बांगडे आणायचे असोत. एकदा डाळिंबी शालू नेसून त्या मिरकरवाड्यात लिलावाला गेल्या. मी पिशवी धरायला बरोबर होतो. सांगतो ते खरं माना: लिलाव थांबला, बर्फ फोडणाऱ्याचा हात वरच्या वर राहिला, आणि दोन ट्रॉलर बंदरात शिरायचे विसरले असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मीच म्हणतो. एका मासेवाल्या बाईने टोपलीवरचं फडकं बाजूला करीत विचारलं, “बाय, लगीन कुणाचा गो?”

“बांगड्याचं,” सिस्टर म्हणाल्या. “मोठे दे. वऱ्हाड मोठं आहे.”

पण त्यांचं खरं वेड नेसण्याचं नव्हे, कूस बदलण्याचं. दर पंधरवड्याला त्या एकूण एक साडी काढतात, उलगडतात, आणि जुनी घडी सोडून वेगळ्या जागी नवी घडी घालतात. आमच्या हवेत हे गरजेचंच आहे म्हणा. पावसाळ्यात मी कपाटात ठेवलेल्या बुटात अळूची रोपं उगवलेली आहेत. पण सिस्टरचं शास्त्र वेगळं. “पेशंट आणि पातळ,” त्या बोट वर करून सांगतात, “एका कुशीवर पडून राहिलं की कातडी जाते.” जरीची साडी वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिली की त्या रेषेवर चिरते, हे मेधालाही त्यांनीच शिकवलं. आमच्या घरातली चादर जरी तीन दिवस तशीच दिसली, तरी त्या जाता जाता उलटी करून जातात. एकदा दुपारी मी झोपलो असताना मलाही केलं होतं.

तर असा हा वॉर्ड. आणि त्यात घोटाळा झाला तो सिस्टरच्याच नियमाने. एप्रिलात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरवड्याची फेरी आली आणि कार्डं वाचता येईनात. म्हणून त्यांनी मेधाला बोलावलं, स्वतः खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, तू वाच, नियमात बसत नाही ती काढ. मेधा इमानदार बाई. चौदा नंबरचं कार्ड हातात आलं. पोपटी पातळ, तांबडा काठ, दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. कार्डावर कुणी आणलं ते नाही. ‘बाहेर’ या रकान्यात एकही नोंद नाही, इतक्या वर्षांत एकही नाही. मेधाने ते डिस्चार्जच्या गठ्ठ्यात टाकलं, आणि गठ्ठा वाटून टाकायला आमच्या घरी आला. नंबर मोठ्याने वाचला नाही, एवढंच चुकलं.

“मग कुठाय ते?” सिस्टरनी दारातून विचारलं. आवाज आता खाली आला होता, आणि तेच मला जास्त भीतीचं वाटलं.

मेधाने लाटणं खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. मिरजोळ्याला तिची मावसबहीण रंजना राहते, आंब्याची बाग आहे. तिची वास्तुशांत झाली, तेव्हा आहेर म्हणून ते पातळ गेलं.

आता देण्याघेण्याच्या साडीचं तुम्हाला ठाऊक आहे. ती नेसण्यासाठी नसतेच. तिला चाकं असतात. आमच्या लग्नात आलेली एक मोरपिशी साडी रत्नागिरी तालुक्याला तीन प्रदक्षिणा घालून मेधाच्या डोहाळजेवणाला पुन्हा आमच्याच दारी आली होती. आम्ही तिला ओळखलं. तिनेही आम्हाला ओळखलं असावं. पण चारचौघांत कुणीच काही बोललं नाही. म्हणजे पोपटी पातळ अजून रंजनाच्या घरात सापडलं तर नशीब, नाहीतर ते दापोलीला कुणाच्या तरी मुंजीत असायचं.

“विनायका, स्कूटर काढ,” सिस्टर म्हणाल्या.

मी काढली. पैठणीचा पदर कमरेला खोचून, डोक्यावर हेल्मेट आणि डोळ्यांवर काळा चष्मा अशा त्या मागे बसल्या. वाटेत दोन शाळकरी मुलींनी नमस्कार केला, तो नक्की कुणाला केला ते मला कळलं नाही. नाक्यावर वळल्यावर मी मान तिरकी करून म्हणालो, सिस्टर, एकशे बारा आहेत, एका साध्या पातळासाठी एवढं काय?

“ते माझं नाही,” त्या माझ्या कानामागून म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी निम्मं वाऱ्यात ऐकलं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि बहुधा म्हणूनच त्यांनी सांगितलं.

चौदा नंबर हा आधी वॉर्डातला बेड होता. त्यावर भागीरथी म्हणून एक बाई चार महिने पडून होती. लांज्याच्या आतल्या गावची, खुब्याचं हाड मोडलेलं. मुलगा मुंबईला नोकरीला. तो तिला दाखल करून गेला, जाताना उशाशी ते पातळ ठेवून गेला. बरी झालीस की हे नेसून घरी जाऊ, म्हणाला. भागीरथी रोज सकाळी ते सिस्टरना काढायला लावायची. उलगडायचं, काठावरून हात फिरवायचा, परत घडी. सिस्टर तिची कूस बदलायच्या आणि लगेच पातळाची. ती म्हणायची, मला आता वाकता यायचं नाही, निऱ्या कोण घालणार? सिस्टर म्हणाल्या होत्या, मी घालीन.

“माझ्या सुट्टीच्या दिवशी गेली,” सिस्टर म्हणाल्या. “मुलगा आला, सही करून बॉडी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर आले तर चौदा नंबरला दुसरी बाई. पातळ माझ्या टेबलावर.”

त्यांनी मुलाला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. कधीतरी न्यायला येईल म्हणून त्यांनी पातळ घरी आणलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षं दर पंधरवड्याला त्या त्याची कूस बदलत होत्या. मी हिशेब करायला गेलो, पण समोर खड्डा आला.

रंजनाकडे हंगाम उरकला होता. पडवीत गवताचा ढीग, रिकाम्या पेट्या, आणि आंब्याचा तो शेवटचा, जरा आंबूस वास. रंजनाने आधी आम्हाला सरबत दिलं, मग हकीकत ऐकली आणि मग तोंडावर हात ठेवला. पेट्या भरायला येणाऱ्या बायकांना हंगाम संपला की ती साडी देते, नेसूनच घरी जायचं अशी तिच्याकडची रीत. पोपटी पातळ पारूबाईच्या वाट्याला आलं होतं. तासभरापूर्वीच ती स्टँडकडे गेली, लांज्याची गाडी धरायला.

रंजना इतकी ओशाळली की आत जाऊन तिने आणखी एक साडी आणली, सिस्टरची ओटी भरली आणि पाया पडली. सिस्टर मला म्हणाल्या, “एकशे तेरा.” आणि साडी काखेत मारली. मी मनात म्हटलं, हे बरं झालं. ही द्यायची, ती घ्यायची. पारूबाईचंही नुकसान नाही.

स्टँडपर्यंत मी स्कूटर कशी आणली ते मी पोलिसांच्या भीतीने इथे लिहीत नाही.

लांज्याची गाडी लागलेली होती. पारूबाई दारापाशी रांगेत उभी होती, साठीच्या पुढची, वाळकी, डोक्यावर बोचकं. अंगावर पोपटी पातळ. कोऱ्या कापडाच्या निऱ्या एका बाजूने वर चढल्या होत्या, दुसऱ्या बाजूने काठ मातीत लोळत होता. सिस्टर सरळ तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. पैठणीतली काळ्या चष्म्याची बाई बघून पारूबाईने बोचकं आवळून धरलं.

मी दोन पावलं मागे थांबलो. सिस्टरच्या काखेतली साडी थोडी पुढे आली. मग तिथेच राहिली.

“कुठे चाललीस?” सिस्टरनी विचारलं.

“घरी, बाय. सा म्हयने झाले.” मग त्यांची नजर पातळावर आहे हे बघून ती म्हणाली, “रंजनाताईनी दिलंन. झ्याक हाय ना? एक चीर नाय बघा कुठं.”

सिस्टर काही वेळ काठाकडे बघत राहिल्या. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. ऑपरेशनच्या डोळ्यांना धूळ चालत नाही, हे मला माहीत आहे.

“निऱ्या चुकल्यात,” त्या म्हणाल्या. “बोचकं ह्याच्याकडे दे. हलू नको.”

आणि त्या खाली बसल्या. जांभळी पैठणी, रत्नागिरी स्टँडची माती, पानाच्या पिचकाऱ्या, कशाकडे बघितलं नाही. पारूबाईच्या निऱ्या सोडल्या, पुन्हा एकेक घातली, बोटांनी दाबून सरळ केली, काठ घोट्याच्या बरोबर वर आणला, आणि वर खोचून पोटावर हलकेच थोपटलं. माझ्या हातात बोचकं होतं. रांग आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती. कंडक्टर घाई करायला पायरीवर आला, बघितलं आणि परत आत गेला. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

पारूबाई गाडीत चढली. खिडकीशी बसून तिने हात केला. सिस्टरनी केला नाही, त्या कमरेवर हात ठेवून चाकांकडे बघत होत्या. गाडी मागे सरली, वळली आणि गेली.

घरी आल्यावर सिस्टर फाटकाशी उतरल्या, हेल्मेट माझ्या हातात दिलं, गुडघ्यावरची माती झटकली. मला राहवलं नाही. मी विचारलं, “सिस्टर, एवढं धावलो आपण. मागितलंत का नाही?”

त्यांनी काखेतली नवी साडी उलटी केली, घडी नीट बसवली.

“घरी चालली होती ती,” त्या म्हणाल्या.