पाकोळी, फोकस आणि समोरचा

"फोकस?" चष्मेवाले काका म्हणाले. "फोकस मला शिकवताय? अहो जावईबापू, या अख्ख्या गल्लीला फोकस आहे तो माझ्यामुळे! मी चार दिवस दुकान बंद ठेवलं ना, तर पाचव्या दिवशी अर्धी गल्ली दुसऱ्याच्याच घरात शिरेल!"

जावयाने नवा फोन घेतला होता आणि आपला जुना व्हिडिओ कॅमेरा सासऱ्यांना देऊन टाकला होता. बरोबर कॅमेरा उभा करायचं तिकाटणं, वायरींचा गुंता आणि एक जाडजूड पुस्तिका.

"बाबा, एवढी पुस्तिका तेवढी आधी वाचा. मॅन्युअल सेटिंगचं जरा किचकट आहे," जावई म्हणाला.

"वाचायचं काय त्यात? मी डोळे झाकून चालवीन!"

आणि काकांनी हा शब्द तंतोतंत पाळला, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

पुस्तिका त्यांनी उघडून पाहिली, नाही असं नाही. आधी जवळ धरली, मग लांब धरली, मग हात संपला. "छपाई भिकार आहे," असा निकाल देऊन त्यांनी ती गल्ल्याखाली टाकली. हल्ली सगळीकडचीच छपाई बिघडत चालली आहे, असं काकांचं ठाम मत होतं. औषधाच्या बाटल्या म्हणू नका, पेपर म्हणू नका, सगळ्यांनी मिळून शाई वाचवायचा कट केला होता.

"छपाईचं राहू द्या," काकू म्हणायच्या. "एकदा स्वतःचे डोळे तपासा. पन्नाशी उलटली तुमची."

"चष्मेवाल्याला चष्मा? उद्या म्हणशील न्हाव्याने दुसऱ्याकडून डोकं भादरून घ्यावं!"

"घेतोच की तो! स्वतःचं कसं भादरेल?"

यावर काकांनी फणकाऱ्याने वाचायचं कार्ड उचललं आणि पहिल्या ओळीपासून अगदी तळाच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं. "झालं समाधान?"

"कार्ड उलटं धरलंय तुम्ही," काकू म्हणाल्या.

तीस वर्षं जे गिऱ्हाइकांकडून वदवून घेतलं, ते पाठ नसेल तर काय! पण बाईमाणसाशी वाद कोण घालणार, म्हणून काकांनी कार्ड खाली ठेवलं.

आता कॅमेऱ्याचं खूळ डोक्यात शिरलं कुठून, ते सांगतो. काकांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, नवं दुकान आलं होतं. चष्म्याचंच! भल्यामोठ्या काचा, आत पांढराशुभ्र उजेड, नजर तपासायला यंत्र आणि दारावर ठसठशीत पाटी: 'पहिली तपासणी मोफत.' मालक पोरसवदा, केस उभे केलेला. काका त्याचं नाव घेत नसत. त्याला म्हणायचं 'समोरचा.' आणि ज्या दिवशी त्या दुकानाची फीत कापली, त्या दिवशी काकांनी पण केला: मेलो तरी त्या बाजूला डोळे उचलून बघणार नाही! तेव्हापासून ते दुकानाच्या पायऱ्यासुद्धा तिरके उतरत.

पण गिऱ्हाईक कमी व्हायला लागलं. समोर न बघताही ते दिसत होतं, कारण आपली खुर्ची रिकामी दिसत होती. दोन पिढ्यांचं दुकान आपल्या हातून बुडणार की काय, या विचाराने काकांची झोप उडाली. चारचौघांत मात्र मिशीला पीळ.

आणि नेमकी त्याच सुमारास पाकोळी आली. पाकोळी म्हणजे कोयत्यासारख्या पंखांचं ते चिमुकलं, काळं पाखरू. तिने घरटं बांधलं ते समोरच्याच्या पाटीवर, वळचणीखाली! आली कधी, आत शिरली कधी, सुटली कधी, गल्लीत कुणाला धड दिसत नव्हतं. एक काळी रेघ, की संपलं.

काकांच्या डोक्यात वीज चमकली. "या पाकोळीचं पीस न् पीस मोजता येईल असा व्हिडिओ काढतो! दुकानात टीव्हीवर लावतो! लोक म्हणतील, बघा, याला म्हणतात नजर! यंत्र गेलं खड्ड्यात!"

"पण त्यासाठी समोर बघावं लागेल," काकू म्हणाल्या.

"कॅमेरा बघेल. मी कॅमेऱ्याच्या पडद्यात बघीन. माझा पण मोडत नाही!"

दुकानाच्या दारात तिकाटणं उभं राहिलं. पहिले काही दिवस कॅमेरा आपल्या मनाने फोकस धरत होता, आणि त्याचं मन म्हणजे अगदी चंचल. पाकोळी आली की तो आधी तारेवर जाई, मग पाटीवर, मग मधूनच जाणाऱ्या सायकलवाल्याच्या टकलावर. तो निवांत पाखराकडे वळेपर्यंत पाखरू पलीकडच्या गल्लीत! मग काकांनी मॅन्युअल सेटिंगला हात घातला. एक दिवस सगळी गल्ली हिरवीगार आली. दुसऱ्या दिवशी शटर इतकं वेगात ठेवलं की भर दुपारी अंधार झाला. तिसऱ्या दिवशी उजेड वाढवला, तर आभाळ, भिंत, पाखरू, सगळं दुधात बुडालं.

शेवटी काकांनी युक्ती काढली. युक्ती अस्सल होती, त्याबद्दल वाद नाही. पाखराच्या मागे फोकस पळवायचाच नाही! ते जिथून जाणार, तिथली एखादी स्थिर वस्तू धरायची, फोकस तिच्यावर पक्का करायचा आणि वाट बघत बसायचं. घरट्याखाली स्थिर वस्तू एकच होती.

"अगं, इकडे ये जरा. मी चकती फिरवतो. पाटी स्पष्ट झाली की सांग."

"तुम्हाला नाही दिसत?"

"पडद्यावर ऊन येतंय माझ्या बाजूने!"

काकूंनी मान वाकडी केली. "अजून... अजून थोडं... बस! 'पहिली तपासणी मोफत.'"

"मजकूर विचारला नाही मी!"

आणि त्याच दिवशी दुपारी पाकोळी पडद्यात आली. काळी, टोकदार, फडफडणारी! काका खुर्चीतून उडालेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच जागी. तिसऱ्या दिवशी पुन्हा! आणि बया नुसती जात नव्हती, तर चांगली तासभर फोकसमध्ये फडफडत थांबत होती.

"माया लागलीय तिला माझी," काका येईल त्याला सांगू लागले. "काय अभ्यास करण्यासारखं पाखरू आहे! वारा सुटला की कामाला लागते, वारा पडला की पंख मिटून लोंबकळत झोप काढते!"

इकडे समोरच्याची अस्वस्थता वाढत होती. सकाळ-संध्याकाळ आपल्या दारावर कॅमेरा रोखलेला, आणि कॅमेऱ्यामागे धंद्यातला प्रतिस्पर्धी! एका संध्याकाळी तो रस्ता ओलांडून आला. काकांनी ताबडतोब पाठ फिरवली.

"काका, स्पष्ट विचारतो. माझी गिऱ्हाइकं टिपताय का तुम्ही?"

"यांना सांग," काका काकूंना म्हणाले, "आम्ही पाखरं टिपतो. गिऱ्हाइकं नाही."

"महिनाभर? एक पाखरू?"

"यांना सांग, पाकोळी आहे ती! यंत्राला नाही दिसायची! येत्या शनिवारी संध्याकाळी दुकानात सगळ्यांना दाखवणार आहे म्हणावं. आणि त्यात पाकोळी दिसली नाही, तर दुकानाला कुलूप लावून यांच्याकडे नोकरीला येईन म्हणावं!"

दुकानात शिंपीदादा होते, गणिताच्या बाई होत्या. शब्द गेला तो गेलाच. काकूंनी कपाळाला हात लावला.

शनिवारी दुकान खच्चून भरलं. बसायला बाकडी, उभं राहायला पायऱ्या. समोरचासुद्धा दारात येऊन उभा राहिला. काका टीव्हीला खेटून उभे, हातात पट्टी. एरवी व्हिडिओ ते कॅमेऱ्याच्या पडद्यावरच बघत आले होते. टीव्हीची वायर जोडायचं जमलं ते त्याच दुपारी.

"मंडळी," काका म्हणाले, "आज डोळ्यांचं पारणं फिटेल!" आणि बटण दाबलं.

चित्र असं लख्ख, की विचारू नका! 'पहिली तपासणी मोफत' ही अक्षरं मागच्या बाकावरून वाचता येत होती. त्यांच्याशेजारी काळं काहीतरी फडफडत होतं.

"ही बघा! ही पाकोळी! काय पंख मारते! हे शेपूट! ही चोच!" काकांची पट्टी टीव्हीवर नाचू लागली.

दुकानात चिडीचूप. कुणी खाकरलं. गणिताच्या बाईंनी पदर तोंडाला लावला.

"भारावून गेलात ना?" काका म्हणाले. "होतं असं!"

एवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हे तर आपले शिंपीदादा!"

खरंच की! पडद्यावर शिंपीदादा आले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि सुळ्ळकन समोरच्याच्या दुकानात शिरले. फोकस अचूक, बटण न् बटण दिसत होतं. पाठोपाठ छत्रीआड तोंड लपवून गणिताच्या बाई! मग पेपरवाला! मग पुन्हा शिंपीदादा! ज्याने त्याने दुसऱ्याला ओळखायचा सपाटा लावला आणि आपली पाळी आली की खाली मान घातली.

"गलका नको, पाखरू बुजेल!" काका म्हणाले. त्यांना वाटलं, लोक पाकोळीवर खूश झाले आहेत.

मग पडद्यावर आणखी एक बाई आली. पिशवी काखेत, चाल झपझप. दुकान एकदम गप्प झालं. इतका वेळ दारात हसत उभा असलेला समोरचाही चुळबूळ करू लागला.

काकांनी नाक टीव्हीला टेकवून पाहिलं. "ही कोण आता मध्येच? नेमकी पाकोळीच्या आड आली! काय घाई आहे! कुणाची बायको आहे कोण जाणे!"

"तुमचीच," मागून काकू म्हणाल्या.

काकांची पट्टी खाली पडली. "तू? अगं, तू? शत्रूच्या गोटात?"

"हो. डोळे तपासायचं विचारायला गेले होते."

"माझ्याकडे असताना? कुणाचे डोळे?"

"तुमचे!"

काकूंनी पुढे होऊन त्यांचा दंड धरला. "या. मागे या. अजून एक पाऊल. अजून. आता बघा तुमची पाकोळी."

काका मागे मागे सरकत दारापर्यंत आले आणि त्यांनी पाहिलं. एकेका पावलाने चित्र उजळत गेलं होतं. शेपूट गेलं, चोच गेली. पाटीशेजारच्या तारेत एक फाटकी काळी प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती आणि वाऱ्यावर जिवाच्या आकांताने फडफडत होती.

लांब गेल्यावर ज्याला नीट दिसतं, त्याला काय झालेलं असतं, हे त्या गल्लीत काकांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. रोज दहा जणांना तेच तर सांगत आले होते! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. काका बाकड्यावर बसले. बाप गेला तेव्हाही हे दुकान त्यांनी एक दिवस बंद ठेवलं नव्हतं, आणि आज भरसभेत आपल्याच जिभेने घालवलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणी हसलं नाही. तेवढ्यात दारातून, सगळ्यांच्या डोक्यांवरून, खरीखुरी पाकोळी सूं करून आत आली, टीव्हीला एक गिरकी घातली आणि निघून गेली. कॅमेऱ्याला टोपण लावलेलं होतं.

रविवार काकांनी पांघरुणात काढला. सोमवारी सकाळी कुलूप लावायच्या हिशोबाने दुकानावर आले, तर पायरीवर ही रांग! पहिले शिंपीदादा.

"काका, तुमचा गैरसमज नको. मी तिकडे फक्त पाणी प्यायला गेलो होतो."

"दोनदा?"

"तहान होती हो! ते सोडा, दोन चष्मे करा. एक माझा, एक हिचा."

त्यांच्यामागे गणिताच्या बाई, त्यांच्यामागे पेपरवाला. पडद्यावर सापडलेला एकूण एक माणूस लाजेकाजेने हजर होता! महिन्याभराचं गिऱ्हाईक एका सकाळीत आलं. पिशवी का होईना, तिने दुकान तारलं.

पण शब्द तो शब्द. दुपारी काका रस्ता ओलांडून गेले. नाक मुठीत, नजर जमिनीवर. "आलो. कुठे बसू? काउंटरवर की आत?"

"नोकरीचं सोडा हो काका," समोरचा म्हणाला. "तुमच्या पडद्यावर माझी पाटी एवढी झळकली, की मीच तुमचं देणं लागतो. या, इकडे खुर्चीत बसा. पहिली तपासणी मोफत आहे."

काका बसले. समोरच्याने वाचायचं कार्ड पुढे करताच काकांनी तोंड उघडलं, घडाघडा सुरुवात.

"थांबा, थांबा!" समोरचा हसला. "काकूंनी मला आधीच सांगून ठेवलंय, तुम्हाला सगळी कार्डं पाठ आहेत. ही वस्तू पाठ नसेल, म्हणून देऊन गेल्यात." आणि त्याने खणातून कॅमेऱ्याची पुस्तिका काढली.

भिंगं बदलली. एक, दुसरं, तिसरं. पानावरच्या मुंग्यांच्या जागी रेघा आल्या, रेघांच्या जागी अक्षरं आली. छपाई तर चांगली काळीभोर होती! काकांनी पान उलटलं आणि मोठ्याने वाचायला लागले.

"'पक्षी, वाहने अशा वेगवान गोष्टींसाठी मॅन्युअल सेटिंग वापरू नये. कॅमेऱ्याच्या डावीकडील धावत्या माणसाचे चित्र असलेले बटण एकदा दाबावे. बाकी सर्व...'" काकांचा आवाज बारीक होत गेला. "'...बाकी सर्व कॅमेरा बघून घेईल.'"

समोरच्याने हळूच विचारलं, "काका, नंबर बरोबर बसलाय ना?"

काकांनी पुस्तिका मिटली, चष्मा सावरला आणि ताठ बसले.

"नंबर बरोबर आहे," ते म्हणाले. "पुस्तक चुकलंय!"