दात बघून घेतलेला पियानो

मला पियानो वाजवता येत नाही. तुम्ही म्हणाल, त्यात काय, आम्हालाही येत नाही. पण तुम्हाला येत नाही हे तुमच्या घरच्यांना माहीत आहे. माझी बायको, दोन्ही मुली आणि इस्लामपुरातली आमची अख्खी कॉलनी मला तो येतो असं समजून चालते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगतोय ते दगडूनानांमुळे.

दगडूनाना आमचे शेजारी. सत्तरी ओलांडलेली, पांढऱ्या मिशा, खांद्यावर टॉवेल. जन्मभर त्यांनी बैलांची दलाली केली, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू ते बैलासारखीच पारखून घेतात. घरात सोफा आला तेव्हा नानांनी आधी चारी पाय उचलून त्याचे खूर पाहिले. फ्रिज घ्यायला गेले तर दुकानात त्याच्या पाठीवर सणसणीत थाप मारून दोन पावलं मागं सरले. दुकानदार घाबरला. नाना म्हणाले, "फ्रिज दचकला न्हाई, तुमीच दचकला. द्या बांधून."

"दचकणारं जनावर दारात नगं," हे त्यांचं एक वाक्य. दुसरं, "जनावर बोलत न्हाई, म्हणून आपून बघायचं." हे दुसरं ते टोमॅटो निवडतानाही म्हणतात.

असे नाना एका सकाळी फाटकाशी येऊन म्हणाले, "मास्तर, पियानू घ्यायचाय. जुना."

मी मास्तर नाही. साखर कारखान्यात हिशेबाला आहे. पण एका सत्यनारायणाच्या पूजेला गाण्याचा विषय निघाला. सगळे आपापल्या ओळखी सांगत होते. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी म्हणालो, "पुण्याला कॉलेजात असताना मी पियानो शिकत होतो." खरं एवढंच की ज्या घरी मी भाड्यानं राहायचो तिथल्या दिवाणखान्यात पियानो होता. त्याच्यावरची धूळ मी पुसत असे. त्या दिवसापासून नानांनी मला मास्तर केलं, आणि मी होऊ दिलं.

"नाना, कुणी शिकायचाय?"

"मी!"

"या वयात?"

"म्हातारा बैल औताला जुपत न्हाईत, पर हिंडवायला काय हरकत हाय? दात मी बघतो. कान तुमचं."

निघताना जीपमध्ये हिराकाकूही होत्या. काकूंना ऐकू येईनासं होऊन बरीच वर्षं झाली. यंत्र आणलं होतं, त्यातून नुसती खरखर येते म्हणून त्यांनी ते डब्यात ठेवून दिलं. नाना मात्र त्यांच्याशी पूर्वीसारखेच दिवसभर बोलत असतात. पाचगणीपर्यंत बोलले. काकू मला म्हणाल्या, "कायतरी बडबडत्यात. बडबडू द्या," आणि भाकरी-ठेच्याचा डबा उघडला.

पाचगणीला शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्यांच्याकडे कपाटाएवढा काळा पियानो. नानांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली. मग झाकण उघडून पट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

"जुळलेला हाय," ते खूश होऊन म्हणाले. "समदं दात आल्यात. एक बी हालत न्हाई. बाई, हा कुणाच्या दावणीचा?"

"माझ्या वडिलांचा," बाई म्हणाल्या.

"मारका न्हाई ना?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"जरा चार पावलं चालवून दावा."

पियानोला खाली चाकं होती, हे दुर्दैव. जीपचा ड्रायव्हर, मी आणि त्या वयस्कर बाई अशा तिघांनी तो दिवाणखान्यात पुढं-मागं चालवला. नाना उकिडवे बसून चाल बघत होते. "डाव्या अंगानं किंचित लंगडतोय. चालायचंच, वयाचा हाय."

मग त्यांनी काकूंना खुणावलं, "हिरा, हात लाव." काकूंनी पियानोवर तळवा ठेवला. मला वाटलं, शकुन असणार. नवा बैल दारात आला की घरची लक्ष्मी त्याच्या पायावर पाणी घालते, हळदीकुंकू लावते, तसंच हे.

काकू खिडकीतून दरी बघायला गेल्या. बाईंनी बसून खर्जातली अगदी शेवटची पट्टी दाबली. तो आवाज कानाच्या आधी पायांना लागला. खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या काकू वळल्या. नाना काकूंकडे बघत होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

आणि बाई उठून मला म्हणाल्या, "या ना सर. तुम्ही वाजवून बघा."

माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. मी घाईघाईनं वरचं झाकण उचललं, मोबाईलचा उजेड आत पाडला आणि दोनदा चुकचुकलो. "लाकूड गेलंय," मी म्हणालो. "नाना, हा नको."

"लाकूड?" बाई दुखावून म्हणाल्या. "अहो, मागच्याच वर्षी सगळं तपासून घेतलंय."

नानांनी पियानोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तर म्हणत्यात तर असंल," ते म्हणाले, आणि झाकण असं हळूच मिटलं, की जणू ते त्याचे डोळे होते.

घाट उतरेपर्यंत नाना बोलले नाहीत. काकूंनी दोनदा त्यांच्या ओठांकडे बघितलं.

पुढच्या आठवड्यात सांगलीला एका मंगल कार्यालयात दुसरा बघितला. लहानसा, तपकिरी, वरातीतल्या करवलीसारखा नटलेला. इथं मालक तरणा होता आणि मला वाजवून बघा म्हणाला नाही, एवढ्यावरच मी "उत्तम!" म्हणालो. मालकानं दोन-चार पट्ट्या दाबल्या; काकूंनी हात लावला आणि जरा वेळानं, पाहुण्यांकडचा चहा आवडला नाही तरी संपवावा तसा, काढून घेतला. नानांनी खांद्यावरचा टॉवेल मालकाच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली त्याची बोटं धरून भाव करायला लागले. मालक ओरडला, "काका, हे काय करताय?"

"बोलू नगंस गड्या. भाव बोटांनी करायचा असतो."

"अहो, पण इथं तिसरं कोण आहे?"

"पियानू हाय की. त्येच्या देखत त्येची किंमत काढायची?"

असा पियानो घरी आला. काकूंनी त्याच्या चाकांवर पाणी घातलं. आणि दुसऱ्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. सकाळी आंघोळीच्या आधी मोबाईलवर व्हिडिओ बघून मी जे शिकतो ते संध्याकाळी नानांना शिकवतो. नाना माझ्या एक दिवस मागं आहेत. एकदा मला ताप आला होता, तेव्हा ते पुढं गेले.

मध्यंतरी मी नेहमीच्या वेळेआधी गेलो. दार उघडंच होतं. नाना नुकतेच बाहेरून आलेले, पायात अजून चप्पल. वाकून ते खर्जातल्या दोनच पट्ट्या आळीपाळीनं दाबत होते, बैलाच्या चालीनं, संथ. आत काकू पाठमोऱ्या भाकऱ्या थापत होत्या. वळल्या नाहीत. नानांनी आणखी जोरानं दाबल्या. मग मी दिसलो तसे थांबले.

"न्हाई पोचत," ते हसून म्हणाले.

"काय पोचत नाही?"

"आवं, बाजारावरनं यायचो तवा बैलांची घुंगरमाळ हिला लांबनं ऐकू यायची. मी दारात येस्तवर भाकरी तव्यावर. आता मी येतो, हिला पत्ता न्हाई. मागनं हात लावला की दचकती. लय दचकती. आपल्याच माणसाला आपून आल्यालं कळंना आन् त्यानं दचकावं, बरं वाटत न्हाई ओ." ते चप्पल काढायला वाकले. "गणपतीत डीजे गेला तवा ही म्हणली, कोणतरी आलं. तवा कळलं, जाड आवाज हिच्या पायाला कळतोय. आता घरात डीजे कसा लावायचा? ढोल बडवला तर लोक म्हणतील म्हातारं बिघडलं. पियानू वाजीवला तर म्हणत्यात, शिकतंय."

पाचगणीच्या खिडकीपाशी वळलेल्या काकू माझ्या डोळ्यांसमोर आल्या.

"नाना, तो पाचगणीचा..."

"त्येचं लाकूड गेल्यालं की. तुमी हुता म्हणून वाचलो." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी दचकलो. "आन् ह्यो बी वाईट न्हाई. पोचत न्हाई, म्हणून भाकऱ्या झाल्या की ही येऊन बसती, त्येला गाल लावून. मोठा घेतला असता तर चुलीम्होरंच बसली असती. चला, कालचं दावा."

मी कालचं दाखवलं. काकू पदराला हात पुसत आल्या आणि पियानोला गाल टेकून बसल्या.

मी पाचगणीला फोन केला होता. बाई म्हणाल्या, पियानो विकला गेला. नानांना हे सांगितलेलं नाही, कारण मग पहिल्यापासून सगळंच सांगावं लागेल. आज संध्याकाळी पुन्हा शिकवणी आहे. दगडूनानांना मी दोन गोष्टी देणं लागतो: या लेखातलं पहिलं वाक्य, आणि दारापासून सैपाकघरापर्यंत पोचणारा एक आवाज.